चालीला आत्मा नसतो

बुद्धवंदना झाल्यावर म्हणायच्या गाण्याला देवीच्या आराधी गाण्याची चाल लावली, तर चालीच्या मागोमाग देवीही विहारात येते का? वर्षावासातल्या एका संध्याकाळी आमच्या विहाराच्या ओट्यावर एका वयस्क उपासकांनी मला हे विचारलं, आणि त्यात थट्टा नव्हती. "गुरुजी, हे काय करलालाव? बाबासाहेबांनी तिला घरातून काढली अन् तुम्ही पेटीतून आत आणलाव."

मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली, तेव्हा 22 प्रतिज्ञाही दिल्या. देव-देवतांची उपासना करणार नाही, हे त्यांतल्या सुरुवातीच्या काहींचं सार. त्यानंतर ज्या घरांनी टाक, परड्या, कवड्यांच्या माळा नदीत सोडल्या, त्यांना ते सोपं गेलं नव्हतं. पोराला गोवर आला की मरीआईला नवस बोलणाऱ्या बाईने पोर तापाने फणफणत असताना नवस न बोलता रात्र काढायची, याला काळीज लागतं. इतकं सोसून ज्यांनी देवी सोडली, त्यांच्या कानावर तीच चाल पडली तर ते दचकणारच. त्यात आमचं रेणापूर म्हणजे रेणुकामातेचं गाव. नवरात्रात संबळ वाजायला लागला की तो जात किंवा धर्म विचारून कानात शिरत नाही.

त्याच सुमारास दुसरा हल्ला घरातूनच झाला. माझा भाचा लातूरला शिकतो, मित्रांबरोबर मोबाइलवर रॅप करतो. जयंतीचा आमचा कार्यक्रम ऐकून म्हणाला, "मामा, तुमचं सगळं ढापलेलं हाय. चाल पिक्चरची, ठेका कव्वालीचा, मुखडा भजनाचा. तुमचं काय हाय त्यात?"

म्हणजे एकाच्या मते आमच्या गाण्यात जुनं फार, दुसऱ्याच्या मते नवं काहीच नाही. एकाला बाटण्याची भीती, दुसऱ्याला उष्टं खाल्ल्याची लाज. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मी एक पेटीवाला. आमच्या गायन पार्टीत मी आहे, एक ढोलकीवाला आहे, बँजोवाला आहे, मुख्य गायक आणि कोरस द्यायला दोन-तीन जण. 14 एप्रिल, वैशाखी पौर्णिमा, 6 डिसेंबर, नामविस्तार दिनाची 14 जानेवारी, असा आमचा वर्षाचा फेरा. दोन्ही आक्षेप माझ्याच बोटांवर होते, म्हणून त्यांची उत्तरं शोधणं मला भाग होतं.

आधी चाल बसवणं म्हणजे काय, ते जवळून सांगतो. त्या आराधी गाण्याचा ठेका संबळावर सहा मात्रांत झुलतो. आमचा ढोलकीवाला केहरव्यातला माणूस, आठ मात्रांतच मोकळा होतो. म्हणून चाल सहातून आठात ओढावी लागली. ओढताना तिच्यातलं डोलणं गेलं आणि पावलं टाकल्यासारखी गत आली. मूळ गाण्यात ओळीच्या शेवटी 'आई' अशी हाक आहे, वरच्या सुरावर लांबवलेली. ती हाक देवीने अंगात यावं म्हणून मारतात. बुद्धाला अशी हाक मारायची सोय नाही. तो कुणाच्या अंगात येत नाही, नवसाला पावत नाही. मग त्या लांब सुरावर ठेवायचं काय? बरेच दिवस ती जागा रिकामी राहिली. शेवटी तिथे 'शिका' बसवलं. 'आई' म्हणताना सुरावर थेट बसता येतं. 'शिका'मधला 'शि' ऱ्हस्व, त्यामुळे सूर 'का'वर जाऊन धरावा लागतो, म्हणजे एका मात्रेने उशिरा. ती मात्रा उघडी पडली. ढोलकीवाल्याने तिथे एक थाप टाकली, आणि पुढच्या कार्यक्रमांत समोरची पोरं त्या थापेवर टाळी देऊ लागली. मूळ गाण्यात ती टाळीची जागाच नव्हती. वर जाणारी हाक समोर बसलेल्यांकडे वळली, म्हणून ती निर्माण झाली.

जुन्या साच्यात नवं भरायची ही रीत आम्ही काढलेली नाही. तमाशात आधी गण, मग गवळण, बतावणी आणि वग, असा क्रम असतो. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि पुढे त्या विचाराच्या माणसांनी जलसे उभे केले तेव्हा हाच सांगाडा घेतला. त्यात शेटजी-भटजींच्या लुबाडणुकीच्या गोष्टी भरल्या. त्यानंतर आंबेडकरी जलसे आले. नाशिककडचे भीमराव कर्डक हे त्यातलं मोठं नाव. गणाची जागा राहिली, गणपती गेला. राधा-कृष्णाच्या छेडाछेडीला बहुतेक फाटा मिळाला. अण्णा भाऊ साठ्यांनी 1944 मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढलं आणि पुढे तमाशाचं लोकनाट्य केलं. त्यांच्या गणात मुजरा आहे तो मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना. अमर शेख बार्शीचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. मुसलमान घरातल्या या शाहिराच्या कानावर पहिली मराठी गाणी पडली ती आई मुनेरबीच्या तोंडून. आता यात शुद्ध कोणाचं काय शोधायचं?

वामनदादा कर्डकांचं तर सुरुवातीपासूनच असं. 15 ऑगस्ट 1922 चा जन्म, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी गाव. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. त्यांनी 1943 मध्ये रचलेलं पहिलं गाणं एका हिंदी गाण्याचं विडंबन होतं. पुढे हजारो गाणी लिहिली, आणि महाराष्ट्रातल्या बायाबापड्यांना बाबासाहेब कळले ते बरेचसे या माणसाच्या शब्दांतून. त्यांच्या कितीतरी गाण्यांच्या शेवटी 'वामन' अशी नाममुद्रा येते. ती रीतही उसनीच, अभंगांच्या शेवटी तुकोबा आणि चोखोबा जशी आपली नावं गुंफतात तशी. म्हणजे हे गाणं माझं आहे असं सांगायची पद्धतसुद्धा आपण दुसऱ्याकडून घेतो.

प्रल्हाद शिंद्यांचा गळा आठवा. भीमगीतांचा आणि कव्वालीचा हा बादशहा. आणि आषाढीला पंढरीच्या वाटेचं जे गाणं गावोगावच्या कर्ण्यांवर लागतं, तेही त्यांचंच. त्या गळ्यातला विठ्ठल भीमगीतात गळतो का, असं जयंतीला कोणी विचारत नाही. आषाढीला तर कोणीच नाही.

आणि अभंगाची चाल 'त्यांची' म्हणायची तरी कशी? चौदाव्या शतकात मंगळवेढ्याचा चोखोबा अभंग रचत होता, सोयराबाई रचत होती. देवळात जायची बंदी होती, छंदात नव्हती. पैठणच्या एकनाथांनी भारुडांत महाराचं सोंग घेऊन, महाराच्या तोंडची भाषा वापरून ब्रह्मज्ञान सांगितलं. आपण त्याला अनुकरण म्हणत नाही, नाथांची थोर सहानुभूती म्हणतो, आणि ती होतीच. ज्ञानदेवांनीही व्यासांच्या मागावर, भाष्यकारांना वाट विचारत निघाल्याचं स्वतःच सांगून टाकलं आहे. ज्ञानेश्वरीला म्हणून कोणी दुय्यम ठरवलं नाही. वरून खाली घेतलं तर अधिकार आणि खालून वर घेतलं तर नक्कल, असा हा हिशोब आहे. भाच्याने तो नकळत आमच्यावर लावला होता.

हीच भांडणं सातासमुद्रापलीकडे काळ्या माणसांच्या चर्चमध्ये झाली. आम्हा लातूरकरांना त्या जगाची ओळख करून देणारं माणूस घरचंच होतं. डॉ. जनार्दन वाघमारे, राजर्षी शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य आणि पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हे त्यांचं पुस्तक सत्तरच्या दशकातलं, त्या काळचा शब्द शीर्षकात आहे. ओकलंडमध्ये 1966 मध्ये ब्लॅक पँथर उभी राहिली आणि 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर, हे आपण शाळेतल्या पोरांनाही सांगतो. तेव्हा नावसुद्धा उसनं घेतलं होतं, आणि नामदेव ढसाळांच्या कवितेला त्यामुळे काही उणेपणा आला नाही. काळ्यांच्या गाण्याचा इतिहास मात्र आपल्याकडे कमी सांगितला जातो.

थॉमस डॉर्सी हा शिकागोतला पियानोवाला. रात्री दारूच्या अड्ड्यांवर 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूज वाजवायचा. तोच पुढे देवाची गाणी त्या लकबीत बसवू लागला, तेव्हा कित्येक चर्चनी त्याला दार दाखवलं. सैतानाचं संगीत देवाच्या घरात नको, म्हणाले. 1932 मध्ये बाळंतपणात त्याची बायको गेली, पाठोपाठ बाळ गेलं, आणि त्या दुःखात त्याने जे गाणं केलं त्याची चाल गोऱ्यांच्या एका जुन्या स्तोत्रावरून घेतलेली होती. मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते सर्वांत आवडतं गाणं. 1968 मध्ये त्यांच्या अंत्यविधीला महालिया जॅक्सन यांनी तेच गायलं. पुढे गंगा उलटी वाहिली. 1954 मध्ये आंधळ्या रे चार्ल्सने रेडिओवर ऐकलेल्या एका भक्तिगीताचा साचा घेतला आणि येशूच्या जागी एक बाई आणून ठेवली. भक्त चिडले, आणि बिग बिल ब्रून्झीसारखे जुने ब्लूज गायकही चिडले. हे गाणं 'सोल' म्हणून पुढे जगभर गाजलेल्या संगीताच्या पायाचा दगड मानलं जातं.

म्हणजे तिथेही एक उपासक होता आणि एक भाचा होता.

उपासकांना द्यायचं उत्तर मला शेवटी धम्मातच सापडलं, तेही मिलिंदप्रश्नात. बाबासाहेबांनी 1950 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाला पुढे याच मिलिंद राजाचं नाव मिळालं आणि परिसराला नागसेनवन हे नाव. यवन राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला विचारतो, की एका जन्मातून दुसऱ्या जन्मात काहीच जात नाही, आत्माच नाही, तर पुनर्जन्म होतो कसा? नागसेन दिव्यावरून दिवा पेटवण्याचा दाखला देतो, तो सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या दाखल्याकडे आमच्या पार्टीतल्या कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. नागसेन राजाला विचारतो, लहानपणी गुरूकडून एखादा श्लोक शिकलास का? राजा म्हणतो, हो. मग तो श्लोक गुरूमधून निघून तुझ्यात आला का? राजा म्हणतो, नाही.

पेटीवाल्याला याहून नेमकं काय हवं? चाल माझ्याकडे आली तेव्हा ती आराधिणीच्या गळ्यातून कमी झाली नाही, आणि तिच्यातलं कोणतंही सत्त्व उठून माझ्या पेटीत येऊन बसलं नाही. कारणं जुळली, कान होता, नवरात्र होतं, पेटी होती, आणि माझ्याकडे एक गाणं उपजलं. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये आत्म्याचा पुनर्जन्म साफ नाकारला आहे. शरीरातली तत्त्वं विखुरतात, विश्वातल्या तशाच तत्त्वांच्या साठ्याला मिळतात आणि पुन्हा जुळतात, एवढ्याच अर्थाने पुनर्जन्म, असं ते मांडतात. गाण्याचंही तसंच होतं. सूर, ठेका, हाक, श्वास सुटे होतात आणि दुसरीकडे जुळतात. चालीला आत्मा नसतो. ज्याला माणसाच्या आत्म्यावर विश्वास नाही, त्याने चालीच्या आत्म्यावर तरी का ठेवावा?

पण उपासकांची भीती मी पूर्ण खोडली नाही, कारण ती दुसऱ्या एका जागी खरी आहे. देवी येते ती मागण्यातून. बाबासाहेबांनी पुन्हा जन्म घ्यावा, धावून यावं, लेकरांना तारावं, असं गाणं कोणी अगदी कोऱ्या चालीत रचलं, तरी त्यात देवी बसलेलीच असते, फक्त कोट घालून. आमच्या वहीत अशी गाणी होती. काही आम्ही गाळली, काहींचं धृपद बदललं. उपासकांनी पेटीवर पहारा ठेवण्यापेक्षा शब्दांवर ठेवावा, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, दोन्हीकडं ठेवतो.

आता भाच्याचं. त्याचा प्रश्न होता, तुमचं काय आहे त्यात? 2015 मध्ये शिर्डीत एका तरुणाला मारून टाकलं गेलं. मोबाइलवर भीमगीताची रिंगटोन वाजली, त्यावरून भांडण झालं, अशी ती बातमी राज्यभर गाजली. मारणाऱ्यांनी चाल कुठून घेतली हे विचारलं नव्हतं. चाल ओळखीची होती की नव्हती, याने त्यांना काही फरक पडला नाही. 1978 मध्ये औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. पुढे नांदेडमध्ये 25 नोव्हेंबर 1993 रोजी गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं. त्यांच्यावरच्या रचना आमच्याकडच्या पार्ट्यांनी पोवाड्यात गायल्या, म्हणजे राजांच्या आणि सरदारांच्या पराक्रमासाठी वाढलेल्या प्रकारात एका शेतमजुराचं आणि एका तरुणाचं नाव गायलं. पोवाडा जुना होता. त्यात ती नावं येणं नवं होतं, आणि काही गावांत ती घेताना आवाज चढवण्याआधी आजूबाजूला बघावं लागत होतं. गाण्यात नवं काय आहे हे संगीतातल्या जाणकारापेक्षा ज्याला ते खुपतं तो आधी ओळखतो. मौलिकता तिथे शोधावी.

नागसेनाकडे आणखी एक गोष्ट आहे, आणि ती माझ्यासारख्यांच्या अंगावर येते. एक माणूस दुसऱ्याचे आंबे चोरतो. पकडल्यावर म्हणतो, मालकाने लावली ती कोय वेगळी, मी तोडले ते आंबे वेगळे. मी याचं काही चोरलेलं नाही. नागसेन म्हणतो, तो दोषीच. हे आंबे त्या कोयीच्या आधाराने झाले. वेगळे आहेत हे खरं, पण सुटे नाहीत. म्हणजे आत्मा नाही, तरी देणं आहे. चालीला आत्मा नाही एवढं म्हणून पेटीवाला सुटत नाही.

तर मग आमचं देणं कोणाला? जनार्दन वाघमारे सरांच्या पुस्तकापासून आजच्या रॅपपर्यंत हा प्रश्न सगळीकडे आहे. जेम्स ब्राउनच्या वाद्यवृंदातला ढोलवादक क्लाइड स्टबलफील्ड याने 1969 मध्ये एका ध्वनिमुद्रणात वाजवलेला काही सेकंदांचा तुकडा पुढे शेकडो रॅप गाण्यांच्या बुडाशी बसला. पब्लिक एनिमी या रॅप गटाच्या 1989 मधल्या प्रसिद्ध बंडखोर गाण्यातही तो आहे. गीतकार म्हणून नाव ब्राउनचं, त्यामुळे स्टबलफील्डला त्या उसनवारीतून स्वामित्वधन मिळालं नाही. अन्यायाविरुद्धचं गाणं, आणि त्याच्या तळाशी न फेडलेलं देणं.

याच्या उलटही घडलं आहे. मी शाळेत पेटीवर पोरांना शिकवलेलं 'कामयाबी'चं ते हिंदी समूहगीत घ्या, गिरिजाकुमार माथुरांनी हिंदीत आणलेलं. मुळात ते काळ्यांच्या चर्चमधून आलं. 1945-46 मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन इथे तंबाखू कारखान्याच्या संपात काळ्या कामगार बायकांनी ते रस्त्यावर आणलं, आणि हायलँडर नावाच्या शाळेतून ते देशभर गेलं. 1960 मध्ये चार जणांच्या नावावर त्याची नोंदणी झाली, त्यात गोरेच होते. पण त्याचं उत्पन्न दक्षिणेतल्या काळ्या समाजाच्या कामासाठी एका निधीत जाईल, अशी व्यवस्था केली गेली. पुढे वाद कोर्टात गेला आणि 2018 मध्ये गाणं सर्वांसाठी खुलं झालं. त्या संपातल्या बायकांपैकी किती जणींची नावं आपल्याला येतात? एक ल्युसिल सिमन्स, बस.

आपल्याकडे कॅसेटच्या जमान्यात यावर सोपा उपाय निघाला होता. वेष्टनावर गीतकार छापायचा, गायक मोठ्या अक्षरात, आणि संगीताच्या जागी 'पारंपरिक'. तमाशा, लावणी, गोंधळ, आराधी गाणी महार, मांग, कोल्हाटी आणि इतर समाजांच्या गळ्यांत वाढली. सिनेमाने त्यांवर हात मारला, मग आम्ही सिनेमावर हात मारला. ढापलं असं म्हणायचं तर यादी बरीच मागे जाते. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या 1996 मध्ये गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात ध्वनिमुद्रित झाल्या, तेव्हा गाणाऱ्या प्रत्येकीचं नाव लिहून ठेवलं गेलं. तिथे 'पारंपरिक'ला घर, गाव आणि चेहरा मिळाला. त्या ओव्यांत विठ्ठलाला भाऊ म्हणणारी जी लय होती, तिच्यातच भीमराव भाऊ झालेला आहे. कोणा एकीने हे ठरवून केलेलं नाही. जातं फिरत राहिलं आणि भाऊ बदलला.

म्हणून उपासकांना माझं उत्तर शेवटी असं झालं : चालीतून देवी येत नाही, आराधीण येते. कवड्यांची माळ घातलेली, परडी घेऊन दारोदार फिरलेली, भाकरीच्या तुकड्यासाठी गायलेली बाई. तिला विहारात यायला आपली हरकत असेल, तर धम्म कशासाठी घेतला? हे ऐकून ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बाईची हरकत नाही. तिच्या डोक्यावरचा देवीचा जग खाली ठिवा म्हणजे झालं." मला वाटतं, यात आमच्या वादाचा निकाल आहे.

भाच्याच्या रॅपचं मला कौतुक आहे. त्याला मात्रा कळतात, शब्द धारदार आहेत, आणि वसतिगृहाच्या खोलीवर जात विचारली जाते ते तो जसं सांगतो तसं आमच्या चाळीस गाण्यांत नाही. पण त्याचा बीट कुणी परदेशी पोराने करून इंटरनेटवर टाकलेला, फुकट उतरवून घेतलेला. बोलायची ढब न्यूयॉर्कची, हातवारेही. मी त्याला म्हटलं, हे सगळं घे, बिनधास्त घे, पण बीट कुणाचा ते गाण्याखाली लिही. तो म्हणाला, "मामा, नाव लिहायला पैसे लागत नाहीत म्हणून तुम्ही नाव लिहा म्हणता. बिदागीतला वाटा देता का?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न मला नागसेनाने विचारायला हवा होता. पार्टीत विषय काढला. आता आराधी चालीचं गाणं ज्या कार्यक्रमात होतं, त्या बिदागीत कोरसवाल्याइतका एक वाटा चालीचा काढायचा, असं ठरलं. ढोलकीवाला खवळला. "मग नौशादसाहेबांच्या चाली घेतल्याव, त्यांच्या घरी मनीऑर्डर करायची का?" मी म्हटलं, नौशादांनीही उत्तर प्रदेशातल्या लोकसंगीतातून भरपूर घेतलं, पण त्यांचं नाव पडद्यावर झळकलं आणि मोल मिळालं. त्यांचं आपण माइकवर नाव घेऊ, तेवढं पुरे. ज्याला कोणीच काही दिलं नाही, त्याचं देणं आधी फेडायचं. बँजोवाल्याला हे पटलं, ढोलकीवाल्याला अजून पटलेलं नाही, पण वाटा निघतो.

ज्यांच्या तोंडून ती चाल ऐकली होती, त्या आराधी मावशींकडे आम्ही पहिला वाटा घेऊन गेलो. त्यांनी पैसे मोजले आणि म्हणाल्या, "चाल माझी कुठली बाबा, माझ्या सासूची हाय ती. अन् तिनं कुणाची घेतली काय म्हाईत." ढोलकीवाल्याने आशेने माझ्याकडे पाहिलं. मावशींनी नोटा कनवटीला लावल्या. "सासू तर न्हाई ऱ्हायली. म्हणून मी ठिवते. पुढल्या बारीला माझ्या नातीला बी घेऊन जावा, ती लई चांगली म्हणती." नात पुढच्या कार्यक्रमाला आली. तिने 'शिका'वरची मोकळी मात्रा भरून टाकली आणि तिथे स्वतःची एक हरकत घेतली. आता ती कोणाच्या नावावर मांडायची, यावर पार्टीत वाद चालू आहे.